मीनूच्या वाटणीचं उटणं

अहो आई,

तुमची बादली परत टबात ठेवली आहे. तांब्या शेजारी उपडा घातलाय, तुम्ही घालायचात तसाच. पाटही जागेवर आहे. पाट कसला, तो आपला निळा प्लास्टिकचा स्टूल, पण तुम्ही त्याला शेवटपर्यंत पाटच म्हणालात. आज सकाळी शिरीष म्हणाला, "आईचं बाथरूम आवरायला घेऊ या का?" मी त्याच्यावर अशी काही डाफरले की बिचारा मागच्या शेडमध्ये जाऊन गवत कापायच्या मशीनचं पातं पुसत बसला. फेब्रुवारीत! तुमचा मुलगा दुःखात असला की यंत्रं पुसतो, हे मी तुम्हाला काय सांगणार.

काल सगळं झालं. हॉल भरला होता. ईलिंगच्या मंडळातल्या तुमच्या सगळ्या मैत्रिणी आल्या होत्या, आणि एकजात सगळ्यांनी माझा हात हातात घेऊन एकच सांगितलं, "सून असावी तर अशी. लेकीच्या वरताण केलंस हो." मी मान खाली घालत होते. त्यांना वाटलं असेल, किती विनयशील. विनय कसला डोंबलाचा! मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. कारण दोन पावलांवर मीनल उभी होती आणि तिला सगळं ऐकू येत होतं. आई, मी तुमच्या लेकीच्या वाटणीचं खाल्लंय. कुणाच्या हातातून हिसकावून नाही घेतलं, पण ताटात आलं आणि मी खाल्लं, अगदी बोटं चाटून खाल्लं. हे तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

लग्न होऊन पुण्याहून लंडनला तुमच्या ईलिंगच्या घरात आले तेव्हा पहिला धक्का मला त्या बादलीचाच बसला होता. मी आपली इंग्लंडच्या कल्पनेत. फेसाने भरलेला टब, त्यात पाय पसरून पुस्तक वाचायचं वगैरे. आणि टबाच्या बरोब्बर मध्यभागी बादली, तांब्या नि पाट! मी भीतभीत विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "टबात बसून अंघोळ म्हणजे डाळ भिजत घालणं. आपलाच मळ आपल्याच अंगाला. छे!" तीसेक वर्षं या देशात राहून तुम्ही एकदाही त्या टबात पाणी भरलं नव्हतं. शिरीषला त्याचं काही नव्हतं. मीनलला मात्र त्या बादलीची भयंकर लाज वाटायची. शाळेतल्या मैत्रिणी घरी येणार असल्या की ती बादली उचलून कपाटात टॉवेलांच्या मागे लपवायची. मुली गेल्या की तुम्ही ती काढून परत टबात ठेवायचात. दोघी त्याबद्दल एक अक्षर बोलायच्या नाहीत. हे शिरीषने मला हसत हसत सांगितलं होतं. मीही तेव्हा हसले होते.

आपलं भांडण अर्धवटच राहिलं, नाही का? मेडनहेडला आमच्या नव्या घरी राहायला या म्हणून मी तुमच्या किती मागे लागले होते. जिने चढवत नाहीत, एकट्या राहता, रात्री-बेरात्री काही झालं तर? तुमचं उत्तर ठरलेलं. "तुमच्याकडे टबच नाही. शॉवर. उभ्याने अंघोळ करायला मी काय घोडा आहे?" शेवटी मी चिडून म्हणाले होते की बादली शॉवरमध्येसुद्धा मावते! तुम्ही म्हणालात, "मावेल गं. पण मीनू आली तर ती कुठे उतरणार?" मीनू वर्षातून एकदा येणार, तीही चार दिवस, आणि तिच्यासाठी तुम्ही अख्खं घर धरून बसलेल्या. मला राग यायचा. खरं सांगायचं तर हेवा वाटायचा.

मीनल तेव्हा टोकियोला होती, बँकेच्या कामावर. तुम्ही फोनकार्डावरचा चंदेरी पट्टा नाण्याने खरवडून तिला फोन लावायचात आणि जेवलीस का, थंडी आहे का, बरं ठेवते, एवढं बोलून अर्ध्याहून जास्त कार्ड शिल्लक ठेवायचात. मग एक दिवस तिचाच फोन आला, शिरीषला. ख्रिसमसच्या सुट्टीत आईला घेऊन या. गरम पाण्याच्या झऱ्यांचं एक गाव आहे डोंगरात, मी सगळं बुक करते. तिने कधी कुणाकडे काही मागितलेलं मी बघितलं नव्हतं. तुम्ही बातमी ऐकलीत आणि तडक स्वयंपाकघरात गेलात. मी मागोमाग आले तर तुम्ही डबे खाली काढत होतात. तिळाचं तेल आणि उटण्याचं पाकीट. म्हणालात, "दिवाळीला नव्हती ती. आता न्हाऊ घालीन. उशिरा का होईना."

हीथ्रोवर त्या पाकिटाने केवढा घोळ घातला! बॅग उघडायला लावली, तो गोरा ऑफिसर तपकिरी पावडरकडे संशयाने बघतोय आणि तुम्ही त्याला गालाला चोळून दाखवताय. "फॉर माय डॉटर. फॉर बाथ." त्याने हसून बॅग बंद केली. ‘फॉर माय डॉटर’ असंच म्हणाला होतात तुम्ही. मी शेजारीच उभी होते, त्यामुळे मला ऐकू आलं नाही असं मला म्हणताही येत नाही.

त्या गावाचं नाव तुम्हाला शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. तुम्ही त्याला ‘मीनूचं गाव’ म्हणायचात. मधून वाहणारा कालवा, दोन्ही काठांना बर्फ, आणि प्रत्येक गल्लीतून वाफ, जणू सगळ्या घरांत एकदम भात शिजतोय. लोक सुती झगे घालून, लाकडी चपला टकटक वाजवत एका स्नानगृहातून दुसऱ्यात जायचे. तुम्ही त्या चपलांत पाय घातलात आणि म्हणालात, "अगं, या तर खडावा!" आपण उतरलो होतो तिथल्या मालकीणबाईंनी एवढे तऱ्हेतऱ्हेचे पदार्थ मांडले, पण तुम्ही नुसत्या भातावर मेतकूट कालवलंत. त्या बाई वाकून वाकून बघत होत्या, मग तुम्ही त्यांच्याही हातावर चिमूटभर ठेवलंत. मीनल हसली. तुमच्याकडे बघून, अगदी मोकळेपणी हसली. ते मी बघितलं होतं. तुम्ही बघितलं की नाही, कुणास ठाऊक. तुम्ही मेतकुटाचा डबा बंद करत होतात.

मग तिने स्नानाचं समजावून सांगितलं. बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं. "आणि आई, तिथे ना... कपडे नाही घालायचे. म्हणजे काहीच नाही. एव्हरीवन इज लाइक दॅट, इट्स ओके." आणि ती खाली मान घालून टॉवेलच्या घड्या करत बसली. तुमचा चेहरा एवढासा झाला. तुम्ही म्हणालात, "मीनू, तू जाऊन ये हो आधी. मी हिच्याबरोबर जाईन मागाहून." ती लगेच म्हणाली, "शुअर." एवढंच.

माझ्यासमोर तुम्हाला कसली लाज? माझ्या ऑपरेशननंतर तुम्हीच मला आठवडाभर अंघोळ घातली होती, मी रडत, तुम्ही ओरडत. आपल्यात लाजायसारखं काही उरलंच नव्हतं. मी आपला सरळ हिशेब केला, आईंना लेकीसमोर संकोच वाटतो, स्वाभाविक आहे. आणि मला बरंच वाटलं, आई. मनातून गुदगुल्या झाल्या.

खाली स्नानगृहाचा पडदा सारून आत गेलो आणि तुम्ही दारातच थबकलात. भिंतीलगत ओळीने बुटके लाकडी पाट. प्रत्येक पाटापाशी एक लहानशी लाकडी बादली. बायका पाटावर बसून, चोळून चोळून अंग धूत होत्या, बादलीने खांद्यावर पाणी ओतत होत्या, आणि सगळं स्वच्छ झाल्यावरच पलीकडच्या कढत पाण्यात उतरत होत्या. तुम्ही मोठ्यांदा ओरडलात, "अगं बाई! या तर आपल्यासारखी अंघोळ करतात!" सगळ्या बायकांनी वळून बघितलं. तुमचा संकोच कुठल्या कुठे गेला. ईलिंगमध्ये इतकी वर्षं ज्या बादलीवरून तुम्ही ऐकून घेतलंत, ती तिथे सगळ्यांच्याच हातात होती. तुम्ही पाटावर अशा बसलात की जणू ते स्नानगृह तुमच्या वडिलांनी बांधलंय. मग मला खुणेने पुढ्यात बसवलंत, पाठ चोळलीत, आणि म्हणालात, "डोळे मीट गं, पाणी येतंय."

माझी आई मी कॉलेजात असताना गेली, तुम्हाला ठाऊक आहे. ते वाक्य मी त्याच्याही किती आधी शेवटचं ऐकलं असेल. मी डोळे मिटले आणि पाण्याबरोबर रडून घेतलं. तुम्हाला कळलं असणार. तुम्ही आणखी एक बादली ओतलीत.

दुसऱ्या दिवशी माझी पाठ चोळता चोळता तुम्ही बोलायला लागलात. इंग्लंडला आलात तेव्हा तुम्ही आणि बाबा, दोघेही कारखान्यात, दोघांच्या पाळ्या उलटसुलट, भाड्याची एक खोली. मीनल काही महिन्यांची असताना तिला नाशिकला तुमच्या आईकडे ठेवून आलात. "तेव्हा सगळेच ठेवायचे," तुम्ही म्हणालात, मी काही विचारलं नसताना. परत आणली तेव्हा ती सहा वर्षांची होती. पहिल्या सकाळी तुम्ही पाणी तापवलंत, बादली भरलीत, पाट मांडलात, फुलांचा नवा टॉवेल काढलात. आणि ती दारात उभी राहून म्हणाली, "माझी अंघोळ आजी घालते. तुम्ही नको." तुम्ही. शेजारच्या काकूंशी बोलावं तसं. तुम्ही पाण्यात तांब्या तसाच सोडलात आणि बाहेर आलात. त्यानंतर कधी विचारलंच नाहीत. "परत नाही म्हणाली असती तर?" असं म्हणालात. मग थोडा वेळ तुमचा हात माझ्या पाठीवर नुसताच थांबला होता. पाठ माझी होती, पण तुम्ही बोलत होतात तिच्याशी. एवढं मला तेव्हाही कळलं.

म्हणून तर शेवटच्या दिवशी मी मीनलला विचारलं. अगदी मनापासून विचारलं, हे तरी तुम्ही माना. "तू जातेस का आज आईंबरोबर?" ती खिडकीत बसून बर्फ बघत होती. म्हणाली, "नको गं. शी इज मोअर कम्फर्टेबल विथ यू. यू गो." आता मी आणखी आग्रह करायला हवा होता का? तिला हाताला धरून न्यायला हवं होतं का? मला नाही सांगता येत. पण ती नाही म्हणाली तेव्हा मला हायसं वाटलं, हे मात्र सांगता येतं. तुमच्या बाबतीत मला काही खुपलं असेल तर ते एवढंच, की तुम्हाला स्वतःची लेक होती.

तुम्ही तेल आणि उटणं घेऊनच निघाला होतात. ती येत नाही म्हटल्यावर क्षणभर पाकिटाकडे बघितलंत आणि म्हणालात, "चल, तुला लावते. वाया कशाला घालवायचं." मग खोलीत तेल लावलंत, खाली पाटावर बसवून उटणं लावलंत आणि तीन तीनदा धुऊन काढलंत, त्या लोकांचं पाणी खराब व्हायला नको म्हणून. मग आपण दोघी कढत पाण्यात उतरलो. तुम्ही गळ्यापर्यंत बुडालात, डोळे मिटलेत, आणि मी म्हटलं, "काय सासूबाई, घातलीत ना शेवटी डाळ भिजत?" तुम्ही इतक्या हसलात, इतक्या हसलात, की पलीकडची म्हातारीही काही न कळता हसायला लागली. त्या उटण्याचा वास लंडनला परत येईपर्यंत माझ्या अंगाला होता. विमानात मीनलची आठवण आली आणि मी हात पांघरुणाखाली घेतले.

आता गेल्या आठवड्याचं. तुम्ही पडलात तेव्हा फोन मला आला. हॉस्पिटलमध्ये मी आधी पोचले. शिरीष कार पार्कमध्ये जागा शोधत होता, आणि तेवढ्यात तुमचा श्वास बदलला. नर्सने माझ्याकडे बघितलं. तुमच्या ओठांवर चमच्याने पाणी मी घातलं. शेवटचं पाणीसुद्धा माझ्याच हातून, आई! तुमच्या मुलीला तेव्हा फोनसुद्धा गेला नव्हता.

इकडे माणूस गेल्यावरही नंबर लावावा लागतो. स्मशानाची वेळ मिळायला दिवस गेले. मला आधी त्याचा संताप येत होता, पण त्यामुळेच मीनल पोचली. अंत्यविधीवाल्यांनी सांगितलं, घरच्या बायकांना अंघोळ घालायची असेल तर आमच्याकडे खोली आहे. आम्ही तुमच्या खोलीत साडी काढत होतो. मी म्हटलं, आपण दोघी जाऊ. मीनल हिरवी इरकल हातात धरून उभी होती. म्हणाली, "तूच कर. यू नो हाऊ शी लाइक्स इट. मला नाही माहीत." आणि मग, साडीकडे बघतच, "त्या लास्ट डेला मी खाली आली होती. जपानला. टॉवेल वगैरे घेऊन. पडद्याच्या बाहेर होती मी. तुमचा हसणं ऐकलं. तुम्ही इतक्या हॅपी होत्या. मला वाटलं, मी आत आली तर ते थांबेल. सो आय वेंट बॅक अप."

मी पलंगावर बसले, आई. ती आली होती! तुम्ही पाण्यात डोळे मिटून बसला होतात, मी डाळीचा विनोद करत होते, आणि तुमची मीनू पडद्यापलीकडे टॉवेल घेऊन उभी होती. तुम्हाला हे कळलं असतं तर तुम्ही तशाच ओल्या अंगाने धावला असतात. आता कळून काय उपयोग? पण तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

गाडीत मी तिला सगळं सांगितलं. नाशिक, फुलांचा टॉवेल, "तुम्ही नको", सगळं. तुम्ही माझ्या पाठीला जे सांगितलंत ते शब्द न् शब्द. उटणं कुणासाठी आणलं होतं तेही सांगितलं. सिग्नल हिरवा झाला तरी तिने गाडी हलवली नाही, मागचा हॉर्न वाजवायला लागला. मग एवढंच म्हणाली, "मला आठवत नाही ते. आय डोंट रिमेंबर इट ॲट ऑल." तुम्ही जन्मभर उराशी धरून बसलात, आणि तिला ते आठवतसुद्धा नाही. मला हसावं की रडावं कळेना. तिने गाडी बाजूला घेतली आणि आम्ही दोघी बराच वेळ रडलो.

त्या खोलीत स्टीलचं टेबल होतं आणि भिंतीला नळी. नळीने तुम्हाला धुवायचं? गाडी धुतात तसं? म्हणून मी घरून बादली आणि तांब्या नेला होता. उटणंही नेलं, यंदाच्या दिवाळीचं उरलेलं. असं चालतं की नाही ते मी गुरुजींना विचारलं नाही. तो माणूस भला होता, म्हणाला, टेक ॲज लाँग ॲज यू नीड, आणि दार लोटून गेला. मी बादली भरली. तांब्या मीनलपुढे केला.

"मला नाही येत," ती म्हणाली.

"येतं. आधी पायांवर घाल. मग खांदे. डोक्यावरून सगळ्यात शेवटी."

तिने तांब्या घेतला, पण हात पुढे होईना. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पाणी टू हॉट नाही ना?" मी म्हटलं, "कोपराने बघ. आईंनी मला तसंच शिकवलंय." तिने स्वेटरची बाही वर सरकवली आणि तान्ह्या बाळाच्या पाण्यात घालावं तसं कोपर बादलीत घातलं. बघितलं. थोडं गार पाणी घातलं. पुन्हा बघितलं.

तिथे मला थांबायचं होतं, आई. खरंच थांबायचं होतं. तुमची पाठ कुठे दुखायची, कानामागे कसं पुसायचं, हे सगळं मला माहीत होतं. मी उटण्याचं पाकीट तिच्या हाताशी ठेवलं आणि बाहेर आले. दार पुरतं लागलं नव्हतं. कॉरिडॉरमध्ये मी तुमची साडी छातीशी धरून उभी होते आणि आतून पाण्याचा आवाज येत होता, आधी थोडा थोडा, मग सलग. मीनल काहीतरी बोलत होती. बराच वेळ बोलत होती, मी ऐकायचं नाही असं ठरवून पलीकडे बघत राहिले. मग आवाज थांबला. बादलीत तांब्या बुडाल्याचं ऐकू आलं.

"आई, डोळे मीट हं," ती म्हणाली. "पाणी येतंय."